बाळोती वाळतील ते गाव

"तुमच्या कारकिर्दीबद्दल लिहा," असं संपादकांनी कळवलं. कारकीर्द राजाची असते, फार तर मंत्र्याची. मी बाळंतपणं केली. लोणावळ्यात, बाजारामागच्या सहा खाटांच्या प्रसूतिगृहात; आणि खाटा भरल्या की जमिनीवर. लागले तेव्हा केस काळे होते, सुटले तेव्हा चष्म्याशिवाय नाळ दिसेना. पण त्या वर्षांत लोणावळं आणि तळेगाव या दोन गावांत मोठं कोण, याची जी चुरस लागली होती, ती मी खाटेच्या बाजूनं पाहिली आहे. ती कुणी लिहिली असेल असं वाटत नाही. म्हणून हा खटाटोप.

आधीच सांगते, मी मूळची इंदुरीची. इंदुरी तळेगावच्या शेजारी, म्हणून लोणावळ्याचे लोक मला तळेगावची हेर समजायचे. नोकरी लोणावळ्यात, म्हणून तळेगावकर मला फितूर म्हणायचे. दोन्ही गावांना नावं ठेवायला मी मोकळी होते आणि ती सवय अजून गेलेली नाही.

प्रसूतिगृहासमोर चहाचं हॉटेल होतं. गावाची काळजी वाहणारी मंडळी सकाळपासून तिथं बसलेली असायची. आमच्याकडं मूल रडलं की तिकडं कुणीतरी कप खाली ठेवून म्हणायचं, "वाढला एक!" मुलगा की मुलगी, बाळंतीण कशी आहे, ही पंचाईत नंतर. मी बाहेर दिसले की हॉटेलवाला ओरडायचा, "बाई, या महिन्यात किती?" आणि माझ्याकडून उत्तर मिळायच्या आत त्याला तळेगावची बातमी दूधवाल्याकडून मिळालेली असायची. तळेगाव पुढं असलं की त्या दिवशी चहा पाणचट!

भांडण नुसतं डोक्यांचं नव्हतं, राहायला कुठलं गाव चांगलं हेही त्यात होतं. लोणावळेकर म्हणायचे, आमच्याकडं पाणी बघा, हवा बघा, मुंबईची माणसं पैसे मोजून राहायला येतात, प्रत्येक गाडी थांबते. त्यावर तळेगावकर म्हणायचे, तुमच्याकडं गाडी घाटाला भिऊन थांबते. आमच्याकडं ऊन बघा, वैद्य-डॉक्टर माणसाला बरं व्हायला आमच्याकडं धाडतात. तुमच्याकडं बरणीतल्या मिठाचं पाणी होतं आणि उशीला बुरशी येते. मग लोणावळेकर म्हणायचे, तळेगावात उन्हाळ्यात पाहुण्याला आधी विचारतात, पाणी प्यायचंय की पाय धुवायचेत, एकच काय ते सांगा. दोन्ही बाजू खऱ्या होत्या, म्हणून भांडण मिटत नव्हतं.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात ओटी भरून मुलगी येते, बाळंत होते, सव्वा महिना शेक-शेगडी करून, डिंकाचे लाडू खाऊन, बाळाला टोपडं घालून सासरी जाते. म्हणजे माझ्या हातून लोणावळ्यात जन्मलेली कितीतरी पोरं तळेगाव, वडगाव, पनवेल, जिकडं बाप तिकडं पांगायची. आणि लोणावळ्याच्या सुना बाळंत व्हायच्या त्यांच्या त्यांच्या माहेरी. समोरची मंडळी मात्र प्रत्येक रडण्याला चहा पीत होती. एकदा मी त्यांना हे उलगडून सांगितलं. हॉटेलवाला फडकं खांद्यावर टाकून म्हणाला, "मग असं करू. लेकी येऊ द्यायच्या, सुना जाऊ द्यायच्या न्हाईत."

माना डोलल्या. तेवढ्यात आतून त्याची बायको पिठाच्या हातानं बाहेर आली. "आन् आपल्या पोरीला तिच्या सासूनं न्हाई धाडलं तर? चालंल का?"

ठराव तिथंच बारगळला.

डोंगरावरच्या ठाकरवाडीतली एक बाई एकदा अडली म्हणून झोळीतून खाली आणली. बाळंतीण सुखरूप, बाळ खणखणीत. समोरच्यांनी ओरडून विचारलं, "बाई, हे आपल्यात धरायचं ना?" ती खाटेवरून ऐकत होती. मला म्हणाली, "इचारा त्यास्नी, पोर धरत्यात तर त्याचा पावसाळ्याचा दाणागोटा बी धरत्यात का?" मी दारात जाऊन जसंच्या तसं विचारलं. सगळ्यांनी चहात तोंड घातलं. तिसऱ्या दिवशी ती पोराला पाठीशी बांधून डोंगर चढून गेली.

आणि पुढं काय झालं बघा. भिंतीभिंतीवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण आला. जी मंडळी "बाई, वाढवा" म्हणायची तीच "बाई, आवरा" म्हणायला लागली, जसं काही पोरं मी घरी करून आणत होते! आता तळेगावपेक्षा आपल्याकडं कमी झाली म्हणून चहा. हॉटेलवाल्याला मात्र त्याच वर्षी जुळं झालं. तो महिनाभर कुणाशी बोलला नाही.

पण ते नंतरचं. मला सांगायचीय ती सुमनची गोष्ट, त्रिकोणाच्या आधीची.

गाव राहायला चांगलं की वाईट हे मी एकाच गोष्टीवरून ठरवते : बाळोती किती वेळात वाळतात. हसू नका. बाळोती म्हणजे बाळाच्या खाली घालायची जुन्या धोतरा-लुगड्याची मऊ फडकी. ती दिवसाला ढिगानं लागतात, आणि ओलं फडकं अंगाला राहिलं की बाळ गार पडतं. लोणावळ्याच्या आषाढात काहीच वाळत नाही. सूर्य सुट्टीवर जातो. मग शेगडीवर वेताची टोपली पालथी घालायची, तिच्यावर फडकी पसरायची आणि राखण करत बसायचं. अर्धी वाळतात, अर्धी करपतात, सगळ्यांना धुराचा वास येतो. धट्टंकट्टं बाळ यात निभावतं. अशक्त बाळाची मात्र परीक्षा असते, आणि सुमनचं बाळ तसं होतं.

सुमन लोणावळ्याची. तिचे वडील तात्या, यांची लाकूड-कोळशाची वखार. लोणावळ्याच्या पावसावर त्यांचं घर चालायचं, त्यामुळे पावसाला कुणी नावं ठेवलेली त्यांना खपत नसत. तिला दिली होती तळेगावात. सासरे बटाट्याचे व्यापारी; सगळे त्यांना आबा म्हणत. नवरा मधुकर पिंपरीला कारखान्यात लागला होता आणि आठवड्याला घरी यायचा. दोघे व्याही आपापल्या गावचे कडवे. लग्नाच्या पंगतीतसुद्धा मठ्ठा पातळ का, यावर गावावर गेले होते.

ओटी भरून सुमन माहेरी आली आणि पंधरवड्यातच आबा तिला न्यायला हजर. दोघांचं भांडण माझ्याच ओसरीवर झालं, कारण मी निवाडा करावा अशी दोघांची इच्छा होती.

"नर्सबाई, तुमीच सांगा," आबा म्हणाले, "ह्या चिखलात माझ्या नातवाला ठिवू? आमच्याकडं वारा हाय, ऊन हाय. बाळंतपण आमी करतो."

"पहिलं बाळंतपण बापाघरी होतं," तात्या म्हणाले. "का तळेगावात डोकी कमी पडली म्हणून सुनेला वढून नेताय?"

"तुमच्या लोणावळ्याच्या हवेत पापड वाळंना, पोर काय वाढंल!"

"पोर काय पापड हाय का, वाळवायला?"

आबा उठले. डोक्यावरची टोपी झटकली आणि म्हणाले, "लोणावळ्याच्या चिखलात पुन्यांदा पाय ठेवीन तर नाव बदलीन." गेले. तपासायला आलेली सुमन आतल्या खोलीत हे सगळं ऐकत होती. तिला कुणी काहीच विचारलं नव्हतं. मीही विचारलं नाही, खरं सांगायचं तर.

त्यानंतर आठवडाही झाला नसेल, सुमन दिवसांआधीच बाळंत झाली. मुलगी. इतकी लहान की माझ्या दोन तळव्यांत मावून वर जागा उरली. रडली ती मांजराच्या पिलासारखी. समोर कुणाला ऐकूसुद्धा गेलं नाही. डॉक्टर आले, पाहिलं, म्हणाले, पुण्याला हलवायला हवी, पण या पावसात वाटेतच गार पडेल. ऊब द्या, कोरडी ठेवा, थेंबाथेंबानं दूध पाजा. बघू.

'बघू' या शब्दाचा अर्थ आम्हा लोकांना चांगला कळतो.

पोरीला कापसात गुंडाळून सुमनच्या छातीशी, अंगाला अंग लावून बांधली. मला तेवढीच ऊब भरवशाची वाटायची. कापसाच्या वातीनं दूध. तात्यांनी वखारीतला सगळ्यात चांगला कोळसा पाठवला आणि माझी पाठ वळल्यावर भरलेली शेगडी खोलीत आणून दार-खिडकी लावून घेतली, नातीला ऊब लागावी म्हणून. मी आले तो पोरीचे ओठ निळे! शेगडी उचलून अंगणात फेकली, खिडकी उघडली, पोरीच्या तळपायांना टिचक्या मारल्या तेव्हा कुठं रंग आला. तात्यांना मी नाही नाही ते बोलले. ते भिंतीला टेकून उभे होते.

"बाई, लय चांगला कोळसा होता हो," एवढंच म्हणाले. आणि ढसाढसा रडले.

आता शेगडी खोलीपासून लांब, मागच्या पडवीत. तिथं वाळलेली फडकी खोलीत येईपर्यंत पुन्हा दमट. सुमनची आई टोपलीपाशी बसून बसून थकली. पोर दर थोड्या वेळानं भिजवणार आणि दर वेळी कोरडं फडकं हवंच. मी मधुकरला निरोप धाडला, तो पिंपरीहून येताना तळेगावी उतरला, आणि घरी सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पुण्याच्या गाडीनं आबा आले. फलाटावरच उभे राहिले. हमालाकरवी तात्यांना बोलावणं धाडलं. तात्या धावत गेले, तर आबांच्या खांद्यावर बटाट्याचं पोतं.

"ह्यात बाळोती हायेत. आमच्या पडवीत वाळवलेली. ओली असतील ती द्या."

"अहो, मग घरी चला की!"

"चिखलात पाय ठेवणार न्हाई म्हनलोय. फलाट रेल्वेचा हाय, तुमच्या गावचा न्हाई."

हा क्रम सुरू झाला. आबांच्या घरी बटाटे पसरायची लांबलचक पडवी होती, तिच्यातून वारा सुसाट जायचा. आबांनी बटाटे कोपऱ्यात लोटले आणि पडवीभर दोऱ्या बांधल्या. घरातली जुनी धोतरं संपली तेव्हा नवी फाडली, मऊ व्हावीत म्हणून आबांची बायको ती धोपटून धोपटून धुवायची. रोज सकाळी पोतं यायचं, तात्या फलाटावर ओली फडकी द्यायचे, कोरडी घ्यायचे, आणि ती पिशवी पोटाशी धरून छत्रीखाली पळत यायचे. फडक्यांना मातीचा, बटाट्याचा वास यायचा. सुमन हुंगून म्हणायची, "बाई, माझी पोरगी बटाटेवड्यासारखी वास मारतीय." कितीतरी दिवसांनी ती हसली होती.

समोर हॉटेलात आता कुणी आकडा विचारत नव्हतं. हॉटेलवाला सकाळी दारात उभा राहून नुसतं विचारायचा, "पोतं आलं का?"

मग तो दिवस आला. पाऊस आदल्या दिवसापासून थांबला नव्हता. सकाळची गाडी आली नाही. कामशेतच्या अलीकडं रुळांवर पाणी होतं म्हणे. दुपारपर्यंत कोरडी फडकी संपली. हॉटेलवाल्याच्या बायकोनं आपलं धुतलेलं लुगडं आणून दिलं, शेजारच्या खाटेवरच्या बाळंतिणीनं तिच्या बाळाची दोन दिली. तीही भिजली. विजेचा दिवा गेला. पोर दूध ओढेना. वात ओठाला लावली की दूध गालावरून खाली. हातपाय गार. सुमन तिला छातीशी घट्ट धरून माझ्याकडं बघत होती. मी तिच्याकडं बघायचं टाळत होते. तात्या दारात. सुमन म्हणाली, "बाई, हिचं नाव अजून ठेवलं नाही." मी तिच्या पाठीवर माझी शाल घातली आणि पोरीचे पाय चोळत बसले.

दिवेलागणीच्या सुमाराला बाहेर गलका झाला. हॉटेलातली सगळी मंडळी रस्त्यावर आली होती. इरलं घेतलेला एक माणूस गुडघाभर चिखलातून येत होता. लावणीच्या शेतात बायका घालतात ते इरलं. पण तो ते डोक्यावर न घेता पुढं छातीवर धरून चालला होता. डोकं उघडं, टोपी नाही, पायात वहाण नाही. आबा! मालट्रकनं कार्ल्यापर्यंत आले होते. पुढं रस्त्यावर पाणी म्हणून ट्रक अडकला. कार्ल्याच्या शेतातल्या एका बाईनं तिचं इरलं दिलं, आणि तिथून चालत आले. चिखल मांडीपर्यंत उडाला होता. नखशिखांत भिजले होते, ओठ थरथरत होते. इरल्याखालचं पोतं मात्र खडखडीत कोरडं!

"घ्या," म्हणाले. "आधी पोरीला घ्या."

मी पोरीला पुसून कोरड्या मऊ फडक्यात गुंडाळलं, वर दुसरं, वर तिसरं, आणि पुन्हा सुमनच्या अंगाशी दिलं. पुष्कळ वेळानं सुमन दचकली. म्हणाली, "बाई, ओढतीय." पोरीनं आपणहून तोंड लावलं होतं. मी इतकी बाळंतपणं केली, पण असं रडणं मला दुसऱ्यांदा आलं नाही. तात्यांनी आपला सदरा काढून आबांच्या अंगावर घातला आणि दोघं व्याही जमिनीवर एकाच घोंगडीत बसून राहिले. नाव बदलायची आठवण कुणी काढली नाही, म्हणजे त्या दिवशी तरी नाही.

पोर लागली वाढायला. आणि पोर वाढायला लागली तसे दोघे पुन्हा मूळपदावर! सव्वा महिना होत आला तेव्हा दोघं सुमनच्या खाटेशी उभे.

"आता ही माझ्याबरोबर येनार. तळेगावच्या वाऱ्यानं वाचलीय."

"वाचली कुटं? लोणावळ्यात! पाऊस उघडलाय आता. हितंच राहील दिवाळीपत्तोर."

"तळेगावात डोकं वाढलं म्हनून पोटात दुखतंय व्हय?"

"तुमी दोघं गप बसा!"

सुमनचा आवाज इतका मोठा असेल हे मला ठाऊक नव्हतं.

"मला कुणी विचारलंत का? पहिल्यापासून एकदा तरी? आम्ही पिंपरीला जाणार. ह्यांनी खोली घेतलीय."

"पिंपरी?" दोघे एकदम म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं असावं. लगेच दोघंही माझ्याकडं वळले.

"नर्सबाई, सांगा हिला. तितं नुसता धूर."

"व्हय बाई. एवढ्याशा पोरीला सोसंल का? तुमी डॉक्टरी भाषेत सांगा. तुमचं ऐकंल ती."

खरं म्हणजे मलाही तिनं जाऊ नये असं वाटत होतं. पोरीचा मलाही लळा लागला होता, आणि पिंपरी मला कधीच आवडली नाही. माळरानावर कारखाने, ना नदीचा घाट ना ओळखीचं माणूस. मी नुसतं "नको" म्हणाले असते तर सुमन थांबली असती. पण तिनं इतक्या दिवसांत पहिल्यांदा स्वतःचं काही मागितलं होतं.

"खोलीला ऊन येतं का?" मी विचारलं.

"सकाळी येतं. खिडकीतून पार भिंतीपर्यंत."

"पाणी?"

"नळ आहे. घरात."

"मग जा," मी म्हणाले.

तात्या माझ्याशी दिवाळीपर्यंत बोलले नाहीत. आबांनी निरोप धाडला की इंदुरीच्या माणसावर विश्वास टाकला ही चूकच झाली. हॉटेलात त्या दिवशी कुणी कुणाला चिडवलं नाही. पुढं एकेक घर तसंच हललं. लोणावळ्याची पोरं, तळेगावची पोरं, कामाला आणि मग राहायला पिंपरी-चिंचवडला. आम्ही एकमेकांची डोकी मोजत बसलो होतो तेव्हा तिसरं गाव मधल्या मध्ये मोठं झालं. या गोष्टीचं मला अजून वाईट वाटतं, आणि सुमनला "जा" म्हटल्याचं अजिबात वाटत नाही.

त्यानंतर वर्षभरानं असेल, एका रविवारी काही कामाला मी पुण्याला निघाले होते. लोणावळ्यालाच गाडी भरली. एका बाकावर तात्या बसलेले. पायाशी पिशवी, तिच्यातून लाकडी पांगुळगाड्याचं चाक बाहेर आलेलं. शेजारची खिडकीची जागा मोकळी, तिच्यावर त्यांनी उपरणं टाकलं होतं. कामशेतला दोघांनी विचारलं, दोघांना त्यांनी हाकललं. मी उभी. शेवटी म्हटलं, "तात्या, जागा कुणाची आहे ती?"

तात्यांनी उपरण्यावरचा हात काढला नाही.

"तळेगावची," म्हणाले.